पाठ दुखते, मग गादी कोणती घ्यावी?

मानदुखी, कंबरदुखी आणि गादी हे तीनही विषय एकत्र आलेली पत्रे या सदराकडे सातत्याने येत असल्यामुळे या वेळचे सर्व प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे असून काम बैठे आहे. दोन वर्षांपासून कंबर दुखते. तपासण्या झाल्या, वयोमानाने होणारी मणक्यांची झीज सोडली तर काळजी करण्यासारखे काही निघाले नाही. दुखणे सकाळी उठताना सर्वांत जास्त असते. घरातील मोठी माणसे सांगतात की मऊ गादी सोडून फळीवर किंवा अगदी कडक गादीवर झोपावे. त्याप्रमाणे कडक गादी घ्यावी का?

उत्तर : अगदी कडक गादी घेऊ नये. मात्र गादी घेण्याआधी, दुखण्यात सध्याच्या गादीचा वाटा किती आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण तो वाटा नसेल तर नवी गादी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग मर्यादितच राहील.

त्यासाठी दुखण्याचा दिवसभरातील क्रम आठवून पाहावा. झोपताना कंबर बरी होती, उठताना ती धरलेली आहे, आणि हालचाल सुरू झाल्यावर अर्ध्या ते एका तासात ती मोकळी होते, असे रोज घडत असेल तर गादीवर संशय घेण्यास जागा आहे. दुसऱ्या घरी किंवा प्रवासात वेगळ्या पलंगावर झोपल्यास सकाळ सुसह्य जाते असे अनेकदा अनुभवास आले असेल तर तो संशय बळावतो. याउलट सकाळी फारसा त्रास नसून दुपारनंतर खुर्चीवर बसल्या बसल्या दुखणे चढत जात असेल, तर आधी खुर्ची, टेबलाची उंची आणि सलग बसण्याचा कालावधी यांकडे पाहावे.

सकाळच्या दुखण्याला गादीखेरीज आणखी एक कारण असते आणि ते गादी बदलून जात नाही. मणक्यांमधील चकत्या दिवसभर शरीराच्या भाराखाली दबून त्यांतील पाणी कमी होते आणि रात्री आडवे झाल्यावर त्या पुन्हा पाणी शोषून घेतात. माणसाची उंची रात्रीपेक्षा सकाळी साधारण एक ते दोन सेंटिमीटर अधिक भरते ती यामुळेच. अशा भरलेल्या चकत्यांवर आणि ताणलेल्या अस्थिबंधांवर पुढे वाकताना अधिक ताण येतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी पुढे वाकणे टाळण्यास शिकवले, तेव्हा त्यांचे दुखणे कमी झाले. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर जमिनीवरची बादली उचलणे, वाकून बुटांचे बंद बांधणे किंवा पायाच्या बोटांना हात लावण्याचे व्यायाम करणे टाळावे. उठतानाही सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. हा उपाय बिनखर्चाचा आहे. गादीच्या दुकानात जाण्यापूर्वी तो दोन आठवडे करून पाहावा असे मी सुचवीन.

आता कडकपणाकडे येऊ. फळीच्या सल्ल्यामागे एके काळी कारण होते. सैल पडलेल्या जाळीच्या पलंगावर झोपणाऱ्याची कंबर झोळीत बसल्यासारखी खाली जात असे, आणि गादीखाली फळी टाकली की तो दोष दूर होई. तो उपाय पलंगासाठी होता. पुढे मात्र गादी जितकी कडक तितकी पाठीला चांगली असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि बराच काळ डॉक्टरही तेच सांगत होते.

पाठीचा कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतो. मानेत तो पुढच्या बाजूला, छातीच्या भागात मागच्या बाजूला आणि कमरेत पुन्हा पुढे वळलेला असतो. अगदी कडक पृष्ठभागावर उताणे झोपल्यास शरीर पाठीचा वरचा भाग आणि नितंब एवढ्यावरच टेकते, कमरेखाली पोकळी राहते, आणि ती सावरण्यासाठी कमरेचे स्नायू रात्रीही पुरते सैल पडत नाहीत. कुशीवर झोपल्यास सर्व भार खांदा आणि मांडीच्या वरच्या हाडावर येतो, तेथे दाब वाढतो आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. फार मऊ गादीवर उलट घडते. धडाचा सर्वांत जड भाग म्हणजे ओटीपोट आणि नितंब. तेच सर्वाधिक खोल जातात आणि कणा तेथे वाकतो. म्हणजे खांदा आणि नितंब यांना थोडे आत जाऊ देईल, पण कमरेला खालून आधार देत राहील, अशी गादी हवी.

या प्रश्नावर एक चांगली चाचणी झालेली आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून कडक किंवा मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितले नव्हते. १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ अशा युरोपीय मोजपट्टीवर कडक गादी २.३ आणि मध्यम कडक गादी ५.६ होती. ९० दिवसांनंतर पलंगावर पडलेले असतानाचे दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन कामांतील अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवर झोपणारे अधिक बरे होते. हे निष्कर्ष २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या रुग्णांच्या दुखण्यामागे ठळक आजार आढळलेला नव्हता. आपल्या पत्रातील वर्णनही तसेच आहे.

एक अडचण राहतेच. ‘मध्यम’ हा शिक्का प्रत्येक उत्पादक आपापल्या अंदाजाने मारतो, आणि तोच मध्यमपणा ५० किलो वजनाच्या माणसाला कडक तर ९५ किलोच्या माणसाला मऊ वाटतो. वजनाने हलक्या व्यक्तीने मध्यमपेक्षा किंचित मऊ आणि भारी व्यक्तीने किंचित कडक व अधिक जाड गादीपासून शोध सुरू करावा. आपले वजन पत्रात नसल्यामुळे याहून नेमके सांगणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मानेच्या दुखण्यामुळे मी चांगल्या प्रतीची नवी गादी घेतली. कंबरेला आराम आहे, मात्र मान पूर्वीपेक्षा जास्त अवघडते. गादी चुकीची निवडली गेली का? मी बहुतेक वेळ डाव्या कुशीवर झोपते.

उत्तर : गादी बहुधा योग्य आहे, जुनी उशी तिच्याशी जुळत नसावी. मानदुखीच्या बाबतीत लोक गादीवर जितका विचार करतात त्याच्या निम्मा जरी उशीवर केला तरी पुष्कळ त्रास वाचेल असे मला वाटते.

कुशीवर झोपले असता मानेच्या बाजूपासून खांद्याच्या बाहेरील टोकापर्यंत जे अंतर असते, तेवढी पोकळी डोके आणि गादी यांच्यामध्ये तयार होते. उशीने ती पोकळी भरून काढायची असते. उशी उंच असेल तर मान वरच्या खांद्याकडे कलते, चपटी असेल तर गादीकडे झुकते, आणि दोन्ही वेळा एका बाजूचे स्नायू सहा-सात तास ताणलेले राहतात. आता आपली पूर्वीची गादी कडक होती असे धरू. तिच्यात खांदा रुतत नसल्यामुळे उंच उशी लागत होती. नव्या गादीत खांदा दोन-तीन सेंटिमीटर आत जातो, पोकळी तेवढीच कमी होते, आणि जुनी उशी आपोआप उंच ठरते. गादी बदलल्यावर उशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

जुळवणी घरच्या घरी करता येते. नेहमीप्रमाणे कुशीवर झोपावे आणि घरातील कोणाला तरी पाठीमागून छायाचित्र काढण्यास सांगावे. मानेचा मागचा मध्य आणि दोन खांद्यांच्या मधला कणा एका सरळ रेषेत, गादीला समांतर दिसला पाहिजे. कुशीवर झोपणाऱ्या बहुतेक प्रौढांना डोक्याच्या भाराखाली दबल्यानंतर साधारण १० ते १५ सेंटिमीटर उंची उरेल अशी उशी लागते. डोक्याचे वजन चार ते पाच किलो असल्यामुळे दुकानात हाताने दाबून केलेला अंदाज फसतो. उशी खांद्याखाली घेऊ नये. तिची कड खांद्याला भिडावी आणि मानेखालची जागा भरलेली असावी. ती जागा रिकामी राहत असेल तर छोट्या टॉवेलची गुंडाळी करून अभ्र्याच्या खालच्या कडेला आत सरकवावी. महागडी वळणदार उशी घेण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

उताणे झोपणाऱ्यांना यापेक्षा बरीच कमी उंचीची उशी पुरते. दोन उशा एकावर एक घेतल्या की हनुवटी छातीकडे ढकलली जाते. पालथे झोपण्याची सवय मानेला सर्वांत वाईट, कारण श्वास घेण्यासाठी मान एका बाजूला जवळजवळ पूर्ण वळवून ठेवावी लागते. ती सवय एका रात्रीत सुटत नाही. छातीशी एक मोठी उशी धरून कुशीवर झोपण्यास सुरुवात केल्यास पोटाला टेकण्याचा आधार मिळतो आणि शरीर हळूहळू ते स्वीकारते. तोवर डोक्याखाली अगदी पातळ उशी किंवा काहीच नको, आणि ओटीपोटाखाली पातळ उशी घ्यावी, म्हणजे कंबर आत वळणार नाही.

आणखी एक विचारतो. झोपण्यापूर्वी पलंगाच्या पाठीला डोके टेकवून, मान पुढे मोडून आपण मोबाइल पाहता का? पाहत असाल तर मान आधीच आखडलेली असते आणि सकाळी दोष उशीला दिला जातो.

प्रश्न : मेमरी फोम, लॅटेक्स, स्प्रिंग, काथ्या यांपैकी पाठदुखीसाठी सर्वांत चांगला प्रकार कोणता? ‘ऑर्थोपेडिक’ असे लिहिलेली गादीच घ्यावी का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ‘ऑर्थोपेडिक’ हा विक्रीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. अस्थिरोगतज्ज्ञांच्या एखाद्या संस्थेने तपासून दिलेले ते प्रमाणपत्र आहे असे समजू नये. अशा गाद्यांतील काही चांगल्या असतात आणि काही केवळ जास्त कडक असतात.

प्रकारांविषयी सांगायचे तर, कोणत्याही एका साहित्याची गादी सर्व पाठींना सर्वांत चांगली ठरलेली नाही. एकाच साहित्यापासून मऊ, मध्यम आणि कडक अशा तिन्ही प्रकारच्या गाद्या बनवता येतात. तरीही प्रत्येक साहित्याचा स्वभाव वेगळा असून तो माहीत असणे उपयोगाचे आहे.

मेमरी फोमचा जन्म १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेसाठी, विमानातील आसने अधिक सुरक्षित करण्याच्या कामातून झाला. हा फोम शरीराच्या उष्णतेने मऊ पडतो, अंगाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि दाब काढल्यावर सावकाश वर येतो. खांदा आणि नितंबावरील दाब तो चांगला पसरवतो, म्हणून कुशीवर झोपणाऱ्यांना तो आवडतो. त्याच गुणामुळे त्याचे दोषही येतात. अंगाभोवती हवा खेळत नसल्याने तो उबदार वाटतो, थंड खोलीत सुरुवातीला कडक लागतो, आणि ज्यांना कूस बदलणेच वेदनादायक असते त्यांना आपल्याच खळग्यातून बाहेर पडण्यासाठी जोर लावावा लागतो. कंबर धरलेल्या माणसाच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा छोटा नाही.

लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून किंवा कृत्रिम रीतीने तयार होते. ते दबते आणि लगेच उसळून वर येते, त्यामुळे त्यावर वळणे सोपे असते. ते टिकाऊ पण वजनदार असते, आणि नैसर्गिक लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. स्प्रिंगच्या गाद्यांमध्ये एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगा आणि स्वतंत्र कापडी पिशव्यांमध्ये शिवलेल्या स्प्रिंगा असे दोन मुख्य प्रकार आहेत. दुसऱ्या प्रकाराला पॉकेट स्प्रिंग म्हणतात. त्यात प्रत्येक स्प्रिंग आपापल्या जागी दबत असल्यामुळे शरीराचा आकार अधिक नीट सांभाळला जातो. रबर मिसळलेल्या काथ्याची गादी हवेशीर आणि कडक असते. कापसाची गादी दाबाने गठ्ठे धरते आणि मधोमध बसते. ती वेळोवेळी पिंजून पुन्हा भरली तरच तिचा आधार टिकतो.

फोमची गादी घेताना घनता आणि कडकपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवावे. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन किती किलो भरते ती संख्या. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. घनतेवरून तो किती वर्षे आपला आकार टिकवील याचा अंदाज येतो. मेमरी फोमच्या थराची घनता ५० किलोच्या आसपास किंवा अधिक असेल तर तो सहसा टिकतो. विक्रेता हा आकडा सांगू शकत नसेल किंवा टाळत असेल, तर ती गादी मी घेणार नाही. वरचा थर कितीही सुखद असला तरी आधार खालच्या थराचा असतो, म्हणून प्रत्येक थराची जाडी आणि घनता वेगवेगळी विचारावी.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ वर्षे आहे. हाडे ठिसूळ झाली आहेत आणि पाठ दुखते. जमिनीवर पातळ अंथरुणावर झोपल्यास पाठ सरळ राहते असे तिचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर : तरुण आणि लवचीक शरीराच्या व्यक्तीला जमिनीवर बरे वाटत असेल तर हरकत घेण्याचे कारण नाही. आपल्या आईंच्या बाबतीत मात्र मी नको म्हणेन, आणि त्याचे मुख्य कारण पाठ नसून उठणे-बसणे हे आहे. रात्री अंधारात जमिनीवरून उठताना तोल जाण्याचा धोका असतो, आणि ठिसूळ हाडांच्या व्यक्तीला साध्या पडण्यानेही मांडीचे हाड किंवा मणका मोडू शकतो. शिवाय वयाबरोबर त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी झाल्याने कडक पृष्ठभागाचा दाब थेट हाडांवर येतो.

पलंगाच्या कडेवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील एवढी पलंगाची आणि गादीची मिळून उंची असावी. गादी मध्यम कडक असावी आणि तिची कड बसल्यावर खाली दबणारी नसावी, कारण उठताना आधार कडेचाच घ्यावा लागतो. खोल रुतणारा मेमरी फोम त्यांच्यासाठी टाळावा. पाठीला पोक आले असेल तर उताणे झोपताना डोके मागे लटकू नये म्हणून उशी नेहमीपेक्षा उंच लागेल. पाठदुखी अचानक वाढली असेल, तर मणका दबून मोडलेला नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी.

प्रश्न : पतीचे वजन ९२ किलो आणि माझे ५४ किलो आहे. मला कमरेपासून उजव्या पायात उतरणारी सायटिकाची वेदना आहे. त्यांना योग्य वाटणारी गादी मला दगडासारखी लागते. दोघांना चालेल अशी एक गादी असते का?

उत्तर : एवढ्या फरकात एकच गादी शोधण्यापेक्षा एकाच पलंगावर सारख्या जाडीच्या दोन स्वतंत्र गाद्या ठेवणे हा माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे. मधली फट जाड चादरीने झाकता येते. काही उत्पादक दोन बाजूंना वेगवेगळा कडकपणा असलेली गादीही बनवतात. एकच अखंड गादी घ्यायची असेल तर पॉकेट स्प्रिंग किंवा लॅटेक्सची घ्यावी, म्हणजे जड व्यक्तीच्या बाजूला आपण घरंगळत जाणार नाही आणि त्यांनी कूस बदलल्यावर आपल्याला हादरा बसणार नाही. तिच्यावर फक्त आपल्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर जाडीचा मऊ थर घालता येईल.

सायटिकासाठी झोपण्याच्या पद्धतीचाही फायदा होतो. न दुखणाऱ्या, म्हणजे आपल्या बाबतीत डाव्या, कुशीवर झोपावे आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घोट्यापर्यंत पोहोचेल अशी उशी ठेवावी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कंबर पिळली जाणार नाही. उताणे झोपल्यास गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर घ्यावी. दुखणे तीव्र असतानाही दिवसचे दिवस पडून राहू नये. कंबरदुखीत सक्तीची विश्रांती उपयोगी पडत नाही हे १९८० आणि १९९० च्या दशकांतील चाचण्यांतून पुढे आले, आणि आता सोसवेल तितकी नेहमीची हालचाल चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो. चांगली गादी मिळाली म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवणे हिताचे नाही.

प्रश्न : मी २८ वर्षांचा आहे. वर्षभरापासून पहाटे तीन-चारच्या सुमारास पाठीच्या खालच्या भागातील दुखण्याने जाग येते. उठून चालल्यावर बरे वाटते, पण सकाळचा ताठरपणा तासभर तरी जात नाही. दोनदा गादी बदलली, फरक नाही. आता कोणती घ्यावी?

उत्तर : आता गादी घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे. चाळिशीच्या आत सुरू झालेले, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेले, रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारे, विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे दुखणे हे कण्याच्या दाहजन्य संधिवाताचे वर्णन असू शकते. त्यातील अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा प्रकार तरुणांमध्ये आढळतो. तो आपल्याला आहेच असे मी म्हणत नाही, परंतु संधिवाततज्ज्ञांनी तपासल्याशिवाय तो नाही असेही म्हणता येणार नाही. त्यावर औषधे उपलब्ध आहेत आणि ती वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे असते. डोळा लाल होऊन दुखणे, सोरायसिस किंवा घरात कोणाला असा त्रास असणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

या निमित्ताने इतर वाचकांनाही सांगतो. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, लघवी अडणे, मांड्यांच्या आतील बाजूस आणि गुदद्वाराभोवती बधिरता येणे, अशा वेळी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. पायातील शक्ती झपाट्याने कमी होत असेल तरीही तसेच करावे. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर तपासणी लांबवू नये. मानदुखीत हाताची पकड ढिली पडणे, शर्टाची बटणे लावणे कठीण जाणे किंवा चालताना तोल जाणे ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणे असू शकतात. यांपैकी कशाचाही संबंध गादीशी जोडून दिवस घालवू नयेत.

प्रश्न : माझी गादी अकरा वर्षांची आहे. ती खरोखर बदलायला झाली आहे का, हे कसे ओळखावे? वरून नुसता मऊ थर टाकला तर चालेल का?

उत्तर : चादर काढून गादीवर एक लांब सरळ काठी आडवी ठेवावी आणि नेहमी झोपता त्या जागी काठी आणि गादी यांच्यामधील अंतर पट्टीने मोजावे. तीन-चार सेंटिमीटरचा खळगा असेल तर गादीचा आधार संपला असे समजावे. खळगा दिसत नसेल तरी झोपल्यावर शरीर मधोमध ओढले जाणे किंवा जुन्या स्प्रिंगा टोचणे ही खूण पुरेशी आहे. वर्षांचा हिशेब दुय्यम आहे. बऱ्याच गाद्या सात ते दहा वर्षांत थकतात, काही त्याआधी आणि काही बऱ्याच नंतर. गादी उचलून पलंगही तपासावा. मधली पट्टी वाकलेली किंवा तुटलेली असेल तर नवी गादीही काही महिन्यांत तेथेच बसेल.

वरचा मऊ थर कडक गादीला मऊ करू शकतो. बसलेल्या गादीला तो सरळ करू शकत नाही, कारण तोही त्याच खळग्याचा आकार घेतो.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली नवी गादी येऊन चार दिवस झाले. पाठ पूर्वीपेक्षा जास्त दुखते आहे. परत करावी का? दुकानात जाऊन घेतली असती तर अंदाज आला असता का?

उत्तर : दुकानात अंदाज येतो, पण पलंगावर बसून आणि हाताने दाबून येत नाही. आपली उशी सोबत नेऊन, नेहमीच्या स्थितीत किमान पंधरा ते वीस मिनिटे पडून राहावे लागते, आणि तेवढा वेळ विक्रेत्यासमोर संकोच न बाळगता पडून राहणारे ग्राहक थोडेच असतात. उताणे पडल्यावर कमरेखाली हात सरकवून पाहावा. हात सहज आरपार जात असेल तर गादी आपल्यासाठी कडक आहे. मुळीच शिरत नसेल आणि वळणे जड जात असेल तर ती मऊ आहे. थोड्या घट्टपणे सरकत असेल तर ठीक. तरीही वीस मिनिटे म्हणजे पूर्ण रात्र नव्हे, म्हणून घरी वापरून परत करण्याची मुदत असलेली गादी, मग ती दुकानातून घेतलेली असो किंवा ऑनलाइन, मला अधिक सुरक्षित वाटते.

चार दिवसांत निर्णय घेऊ नये. दाबून, गुंडाळून पाठवलेल्या फोमला पूर्ण फुगण्यास काही वेळा दोन-तीन दिवस लागतात, आणि जुन्या खळग्याची सवय झालेल्या शरीराला नव्या आधाराशी जुळवून घेण्यास दोन ते चार आठवडे जातात. या काळात रोज सकाळी दुखण्याला शून्य ते दहांपैकी एक गुण द्यावा आणि ते किती वेळात ओसरले ते त्यापुढे लिहावे. आठवणीवर विसंबून राहिल्यास शेवटच्या दोन वाईट रात्रीच लक्षात राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकडे खाली आले असतील तर गादी ठेवावी. ते तसेच असतील तर आधी उशी बदलून पाच-सहा रात्री पाहावे, आणि तरीही फरक नसेल तर परत करावी. पायात किंवा हातात नव्याने मुंग्या किंवा बधिरता सुरू झाली असेल तर मात्र चार आठवडे थांबू नये. गादीचा वापर बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

परत करण्याच्या अटी आजच वाचून घ्याव्यात. काही ठिकाणी ठरावीक रात्री वापरल्याशिवाय गादी परत घेत नाहीत, डाग पडल्यास नाकारतात, किंवा नेण्याचा खर्च ग्राहकावर टाकतात. त्यासाठी पहिल्या दिवसापासून गादीवर धुता येणारे संरक्षक आवरण घालावे, मूळ पावती जपून ठेवावी, आणि मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावी.